मनाच्या जखमेची विचारपूस

मूल पडले, गुडघा फुटला, तर रक्त दिसते. आपण हळद लावतो, फडके बांधतो. पण मुलाच्या मनाला जखम झाली तर? तिचे रक्त दिसत नाही. मूल सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. जखम आतल्या आत राहते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे मोठे राज्य आहे. डॉक्टरांनी या जखमेची विचारपूस करावी, म्हणून तिथले सरकार त्यांना पैसे देऊ लागले. हे कसे घडले, ते पाहू या.

डॉक्टरांना काय दिसले?

त्या राज्यात सॅन डिएगो हे शहर आहे. १९८५ च्या सुमारास डॉ. व्हिन्सेंट फेलिटी तिथल्या दवाखान्यात लठ्ठ माणसांचे वजन उतरवण्याचे काम पाहत. त्यांना एक कोडे पडले. ज्यांचे वजन चांगले उतरे, तीच माणसे मधेच येईनाशी होत. असे का? डॉक्टरांनी त्यांना लहानपणाबद्दल विचारले. तेव्हा अनेकांनी बालपणी सोसलेले अत्याचार सांगितले. तोवर त्यांना ते कोणी विचारलेच नव्हते!

पुढे डॉ. फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी मोठी पाहणी केली. १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून जास्त लोकांना प्रश्न विचारले. लहानपणी मारहाण झाली का? घरात कोणी दारुडा होता का? आईला मार बसे का? आईबाप वेगळे झाले का? घरातले कोणी तुरुंगात गेले का? अशी दुःखे त्यांनी १० प्रकारांत मांडली.

तिघांपैकी सुमारे दोघांनी एक तरी दुःख सोसले होते. आठांपैकी एकाने चार किंवा अधिक सोसली होती. ही माणसे काही उपाशी नव्हती. पुष्कळजण शिकलेले, नोकरी करणारे होते. दुःखांचा आकडा जसा वाढला, तसे हृदयरोग, फुप्फुसाचे रोग आणि व्यसनेही जास्त आढळली.

मनाचे दुःख अंगावर कसे येते?

शेतात पायाशी नाग दिसला, की छाती धडधडते. अंग ताठ होते. हे चांगलेच आहे. त्यामुळे आपण पळतो, जीव वाचतो. नाग गेला, की छाती शांत होते. पण नाग घरातच राहू लागला तर? बाप रोज रात्री पिऊन येतो, आईला मारतो. त्या पोराची छाती रोज धडधडते. वाढत्या वयात हे सतत झाले, तर मेंदू, हृदय आणि रोगाशी लढण्याची ताकद, सगळ्यांवर ताण पडतो.

पैसा कुठून आला?

विचारायला वेळ लागतो. दवाखान्यात रांग असते. ज्या कामाचा मोबदला नाही, ते काम मागे पडते.

विमा म्हणजे आजारपणाच्या खर्चाची आधीच केलेली सोय. कॅलिफोर्नियात गरिबांसाठी सरकारी आरोग्य विमा आहे. त्याचे नाव मेडी-कॅल. राज्यातल्या दर तिघांपैकी सुमारे एकजण त्यात आहे. १ जानेवारी २०२० पासून हा विमा अशा एका विचारपुशीमागे डॉक्टरला २९ डॉलर देऊ लागला. मुलांसाठी वर्षातून एकदा विचारता येते. जुलै २०२० पासून अट घातली, की डॉक्टरने आधी शिक्षण घ्यावे, मगच पैसे मिळतील. या कामात डॉ. नदीन बर्क हॅरिस पुढे होत्या. २०१९ साली त्या राज्याच्या पहिल्या सर्जन जनरल, म्हणजे आरोग्याचा सल्ला देणाऱ्या मुख्य डॉक्टर झाल्या होत्या.

२०१६ साली तिथल्या लोकांनी मते देऊन सिगारेटच्या पाकिटावर २ डॉलर जादा कर बसवला होता. त्या करातून सुरुवातीला राज्याचा वाटा निघाला. बाकीचा वाटा केंद्र सरकारचा.

लाज वाटली तर?

घरातली गोष्ट परक्याला कशी सांगायची? आईला असे वाटणारच. म्हणून कागदाची एक सोपी तऱ्हा ठेवली आहे. कोणते दुःख झाले, ते सांगायचे नाही. किती झाली, एवढा आकडाच लिहायचा. त्यावरून डॉक्टर पुढची मदत सुचवतो.

पण एक ध्यानात ठेवा. हा आकडा म्हणजे कपाळावरची रेघ नव्हे. चार दुःखे सोसलेले मूल आजारी पडेलच, असे नाही. एकट्या माणसाचे भविष्य या आकड्यावरून सांगू नये, असे खुद्द डॉ. अँडा यांनीच २०२० साली बजावले. आणि नुसते विचारून भागत नाही. विचारण्याचे पैसे मिळाले, पण उपचाराची सोय नसली, तर जखम उघडी करून सोडल्यासारखे होते. पुढे आधार हवाच.

तो आधार नुसता दवाखान्यातच मिळतो असे नाही. पुरती झोप, खेळ, चांगले अन्न यांनी ताण हलका होतो. सर्वांत मोठा आधार मायेच्या माणसाचा. आई असो, आजी असो, नाहीतर शाळेतले गुरुजी. ज्याच्याजवळ मूल न भिता बोलू शकते, असे एक माणूस तरी मुलाला हवे.

विचार करा, उत्तरे द्या

१. वजन उतरणारी माणसे येईनाशी झाली, तेव्हा डॉ. फेलिटी यांनी काय केले?
२. विचारपुशीसाठी डॉक्टरला पैसे का द्यावे लागले?
३. कागदावर फक्त आकडा लिहिण्याची सोय का ठेवली असेल?
४. तुमच्या ओळखीचे एखादे मूल गप्प गप्प असते का? त्याच्याशी कोण बोलते?