आवाज जपण्याची विद्या

आपल्या समाजाचा इतिहास कागदावर थोडा आणि कंठात अधिक जगला. भीमराव कर्डक यांच्या जलशांनी 1930 च्या दशकात समतेचा विचार गावोगाव नेला. वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी तो आयुष्यभर गाण्यातून पेरला. पदे छापता येतात, पण गाताना सभेत उठणारा हुंकार पानावर उतरत नाही. म्हणून ध्वनी, संगीत व चित्रफीत यांचे प्रकल्प करणे आम्ही इतिहासाच्या अभ्यासाचाच भाग मानतो.

याचे उदाहरण आपल्या उपनगरांतच आहे. मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) या माहितीपटात मुद्रित झाले. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जणांचा बळी गेला. तो आघात असह्य होऊन 15 जुलैला घोगरे यांनी जीवन संपवले. पुढे 14 वर्षांच्या चित्रीकरणातून पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) साकारला. शाहीर गेले, वेळीच मुद्रित झालेला त्यांचा आवाज मात्र उरला.

मढच्या बंगल्यांत आणि किनाऱ्यावर चित्रपट-मालिकांचे चित्रीकरण नेहमी चालते. येथील मुलांना कॅमेरा परका नाही. आता मोबाइलमुळे तो त्यांच्या हातीही आला आहे. त्यांनी प्रथम प्रकल्पाचा विषय एका वाक्यात लिहावा. बोलणाऱ्याची अनुमती मुद्रणापूर्वी घ्यावी. ‘शिक्षणाचे महत्त्व सांगा’ असे म्हणण्याऐवजी ‘आजी, तुम्ही शाळेत पहिल्यांदा कशा गेलात?’ असे विचारावे. मोबाइलवर येणारे कॉल बंद ठेवावेत व मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. धक्क्यावर वाऱ्याने शब्द बुडतात. तेथे मायक्रोफोनला फोमचे आवरण घालावे किंवा भिंतीच्या आडोशाला बसावे. शेवटी अर्धा मिनिट कोणीही न बोलता लाटांचा व होड्यांच्या इंजिनांचा आवाज स्वतंत्र घ्यावा. संपादनात दोन वाक्यांमधला सांधा त्याने जुळतो.

संगीत नेहमी बोलण्याच्या खाली राहावे. ढोलकी, हार्मोनियम मुलांनीच वाजवावी. दुसऱ्याचे गीत घ्यायचे तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी. संपादनाची खरी कसोटी तंत्राच्या पलीकडे आहे. दोन वाक्ये कापून जोडली की होकाराचा नकार होऊ शकतो, आणि दुःखाच्या प्रसंगाखाली भडक सूर घातला की साक्षीचा तमाशा होतो. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा येथेही लागू आहे: जे बोलले गेले नाही, ते कात्रीने बोलवू नये. तयार चित्रफीत बोलणाऱ्याला आधी दाखवावी. मूळ मुद्रण अबाधित ठेवून, नाव, स्थळ व दिनांक नोंदवून, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी जपाव्यात.

14 ऑक्टोबर 1956 चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा बालवयात पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे की, घरातील अशा वडीलधाऱ्यांसमोर या सुटीतच मुलांना मोबाइल घेऊन बसवावे. प्रश्न मुलांना विचारू द्यावेत आणि उत्तर संपेपर्यंत कोणीही मध्ये बोलू नये.

जय भीम!