आम्ही आणि आपण : मुलांच्या निबंधवहीतून

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मुलांच्या मनाच्या वाढीविषयी काही लिहावे, असे आम्हांस सुचविले. विषय मोठा आणि आमचा अनुभव एका वर्गखोलीएवढा. बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांस आम्ही भाषा शिकवितो. घरी आमची बोली दखनी. तेव्हा शास्त्रातील दोन-चार गोष्टी आणि निबंधाच्या वह्यांतील दोन-चार, एवढाच शिधा घेऊन वाचकांपुढे आलो आहोत.

सहावीच्या वर्गास निबंध दिला होता : ‘मी, माझे घर आणि मी केलेली मदत’. वह्या तपासावयास घेतल्या, तो निम्म्याहून अधिक मुलांनी एका आंधळ्या गृहस्थास रस्ता ओलांडून दिलेला! खडे बाजारात इतके अंध रोज उभे राहते, तर तेथील वाहतूक केव्हाच बंद पडली असती. मुले खोटारडी होती असे नव्हे. निबंधाच्या छापील पुस्तकांत मदत म्हटली की आंधळा आणि रस्ता, घर म्हटले की टुमदार आणि कौलारू, आई म्हटली की पहाटे उठणारी, असे ठरून गेलेले असते. आणि परीक्षेत त्यास गुण मिळतात. मुलाने स्वतःविषयी लिहावे म्हणून दिलेल्या निबंधात मूल तेवढे सापडत नव्हते.

‘मी’ ही वस्तू मुलास जन्मतः मिळत नाही. ती त्याला हळूहळू गवसते. नकळत नाकावर रंगाचा ठिपका लावून मुलाला आरशापुढे ठेवावे. लहान बाळ आरशातल्या बाळाशी खेळू लागते. पण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ते स्वतःच्या नाकाला हात लावते. ही कसोटी अमेरिकेतील ब्यूला ॲम्स्टरडॅम या विदुषीने १९७२ साली प्रसिद्ध केली. परंतु आरशातला ‘मी’ सापडला म्हणजे काम संपले असे नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांस एक साधा प्रश्न विचारला होता. ‘तुला भाऊ आहे का?’ ‘आहे.’ ‘मग तुझ्या भावाला भाऊ आहे का?’ ‘नाही.’ आपल्याला भाऊ आहे हे त्या मुलाला ठाऊक असते. पण त्या भावाचा भाऊ आपणच, हे त्याच्या ध्यानी येत नाही. वाचकांनी घरातील चार-पाच वर्षांच्या मुलास हा प्रश्न अवश्य विचारून पाहावा. मात्र हसू नये.

याच पियाजे यांचा आणखी एक अभ्यास आम्हां सीमाभागातील शिक्षकांना विशेष उपयोगाचा वाटतो. जिनिव्हा हे शहर स्वित्झर्लंडमध्ये आहे. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी नमूद केले की, तेथील लहान मुले ‘जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे’ असे तोंडाने सांगत. पण वर्तुळे काढावयास सांगितली की दोन वर्तुळे शेजारी शेजारी काढत, एकात एक नव्हे. ‘तू स्विस आहेस का?’ असे विचारल्यावर कित्येक म्हणत, ‘नाही, मी जिनिव्हाचा आहे. दोन्ही एकदम कसे होता येईल?’ पुढे दहा-अकराव्या वर्षांपर्यंत हे कोडे सुटते आणि एकात एक वर्तुळे बसू लागतात.

आम्ही हा पाठ आमच्या वर्गात करून पाहिला. घर, गल्ली, शहापूर, बेळगाव, कर्नाटक, भारत, अशी वर्तुळे मुलांनी भराभर काढली. तेव्हा आम्ही त्यांस आमच्या आजीची गोष्ट सांगितली. आजीचे घर शहापुरात होते. ती लहान असताना ते सांगली संस्थानात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि ते मुंबईकडे गेले. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात आले. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आणि २०१४ साली शहराचे अधिकृत नावही बेळगावचे बेळगावी झाले. एवढ्या काळात आजीने चूल काय ती एकदा हलविली, तीही धूर डोळ्यांत जातो म्हणून! मुलांना ही गोष्ट फार आवडली. त्यातच मागच्या बाकावरून एक प्रश्न आला : ‘सर, मराठीचं वर्तुळ कुठं काढू?’

प्रश्न खरा होता. मराठी घरात बसते म्हणावे, तर शेजारच्या घरातही असते. बेळगावात बसते म्हणावे, तर सीमेपलीकडे कोल्हापुरापर्यंत आणि त्याही पुढे जाते. त्या मुलाच्या घरी तर ती उंबऱ्याबाहेर होती, कारण आत दखनी होती. पण त्या दखनीत ‘नक्को’ होते, आणि ‘येइच’, ‘ऐसाच’ मधला ‘च’ होता, आणि हे दोन्ही मराठीचेच देणे आहे. आम्ही सांगितले, ‘हे वर्तुळ आत किंवा बाहेर बसवू नकोस. सगळ्यांना कापून आडवे जाऊ दे.’ मग त्याने दखनीचे काढले, ते मराठीच्या वर्तुळावर निम्मे चढले. कानडीचे काढले. पान वर्तुळांनी भरून गेले आणि मधोमध एका चिंचोळ्या जागी त्याने आपले नाव लिहिले.

याच मुलाची निबंधाची वही आम्ही पुन्हा उघडली. आंधळा गृहस्थ त्यानेही रस्त्यापलीकडे पोहोचविला होता. मागची पाने चाळू लागलो, तो जूनमधल्या पहिल्या निबंधाशी थबकलो. तेथे त्याने लिहिले होते, ‘माझी अम्मी शिलाई करते.’ ‘अम्मी’वर तांबड्या शाईने काट मारून वर ‘आई’ असे लिहिलेले होते. अक्षर आमचे होते. त्यानंतरच्या निबंधांत आई सर्वत्र होती. ती पहाटे उठत होती, सडा घालत होती, प्रेमस्वरूप होती. फक्त शिलाई करीत नव्हती.

आम्हांस लहानपणी असेच कोणी तरी शुद्ध केले होते, आणि त्याचा राग आम्ही पुष्कळ वर्षे जपला होता. तीच तांबडी शाई आमच्या हातून केव्हा सुटली हे कळलेही नाही. भाषेचा शिक्षक म्हणून आमच्याकडे सबब होती : मराठी निबंधात मराठी शब्द असावा. पण ‘आई’ हा शब्द शिकविणे वेगळे आणि मुलाच्या घरातील बाई पुसून तेथे पुस्तकातील बाई आणून बसविणे वेगळे. दुसऱ्या दिवशी आम्ही ‘माझी अम्मी’ या मथळ्याचा निबंध स्वतःच लिहून वर्गात वाचला. मग फळ्यावर एकेकाने आपापल्या घरची हाक लिहिली : आई, आये, अव्वा, मम्मी, अम्मी. एका मुलीने ‘आजी’ लिहिले, आणि ती का, ते आम्ही विचारले नाही.

त्यानंतरच्या निबंधांत घरे दिसू लागली. आणि मदतही, जरी मुलांना ती मदत वाटत नव्हती. एक मुलगी रोज संध्याकाळी आजीला चार-पाच सुयांत दोरा ओवून ठेवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे अडत नाही. आमचा तो विद्यार्थी शाळेत कानडी शिकतो, म्हणून गल्लीतील वृद्ध माणसांची विजेची बिले, कचेरीची पत्रे तोच वाचून दाखवितो. रकमेखालची ओळ काय म्हणते ते नीट पाहा, असे त्यास प्रत्येक जण बजावतो. ‘मग हे मदतीत का नाही लिहिलंस?’ असे विचारता तो म्हणाला, ‘ते काय, घरचंच आहे.’

या ‘घरचंच आहे’ला शास्त्राचाही आधार आहे. जर्मनीतील लाइपझिग येथे फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दीड वर्षाच्या मुलांसमोर अनोळखी माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याचा हात तेथवर पोहोचेना, की मुले उठून ती उचलून देत. त्याने मुद्दाम टाकली असेल, तर सहसा देत नसत. कोणी शिकविले नव्हते, कोणी मागितलेही नव्हते. २००८ साली त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांवर पुढचा प्रयोग केला. काही मुलांस मदतीबद्दल खेळण्यासारखे बक्षीस दिले, काहींचे तोंडाने कौतुक केले, काहींस काहीच दिले नाही. बक्षीस मिळालेली मुले पुढे मदतीला कमी धावली. आमच्या विद्यार्थ्यास एका घरी बिलामागे पाच रुपये मिळू लागले, तेव्हा त्याच्या अम्मीने ते बंद करविले. तिने हा प्रयोग वाचलेला नाही. बिस्किट मात्र चालते, असे तिचे मत आहे, आणि ते आम्हांसही पटते.

आता शेवटची गोष्ट, तीही त्याच वहीतील. निबंधाच्या अखेरीस त्याने लिहिले होते : ‘घरी आम्ही दखनी बोलतो. शाळेत आपण मराठी बोलतो.’ मराठीचे हे एक वैभव आहे : ऐकणाऱ्यास बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ आणि त्यास आत घेणारे ‘आपण’. आजच्या कानडीतील ‘नावु’त किंवा इंग्रजीतील ‘वी’त हा भेद नाही. मुलाने तो अचूक पाळला होता. व्याकरणाच्या दृष्टीने काट मारण्याजोगे काहीच नव्हते.

आम्ही त्यास जवळ बोलाविले. ‘इथं “आम्ही” लिहिलंस, म्हणजे मला सोडून ना?’

‘होय सर.’

‘मग माझ्या घरी काय बोलत असतील?’

तो थोडा वेळ गप्प राहिला. आमचे नाव त्यास अर्थातच ठाऊक होते. पण इतक्या वर्षांत वर्गामध्ये दखनीचा एक शब्दही आमच्या तोंडून निघालेला नव्हता. ‘मराठी,’ तो म्हणाला.

‘हमारे घर में बी येइच बोलते, बाबा,’ आम्ही म्हणालो.

तो आमच्याकडे पाहतच राहिला. मग वहीकडे पाहू लागला. ‘सर, मग “आपण” लिहू?’ आमच्या हातात तांबडे पेन होते, ते आम्ही पुढे केले. त्याने ते घेतले नाही. दप्तरातून स्वतःचे निळे काढले, ‘आम्ही’ खोडले आणि वर ‘आपण’ लिहिले. मग त्यास नवीन शंका आली. दोन्ही वाक्यांत आता ‘आपण’च आहे, तर मध्ये ‘आणि’ घालून एकच वाक्य करावे काय? तेवढ्यात घंटा झाली, म्हणून तो प्रश्न आम्ही दुसऱ्या दिवशीच्या पाठावर ठेवला.