सपाट शब्दाचे सगेसोयरे

भाषांतराच्या तासाला वर्गात एक छोटा प्रयोग करून पाहिला होता. इंग्रजीतील ‘फ्लॅट’ हा शब्द असलेली दहा वाक्ये फळ्यावर लिहून दिली आणि त्यांचे मराठी करावयास सांगितले. बहुतेकांनी दहाही ठिकाणी ‘सपाट’ लिहिले. त्यामुळे गाडीचे चाक सपाट झाले, सोडा सपाट झाला, गायकाचा सूर सपाट लागला आणि मालकाने सपाट नकार दिला. वर्ग हसला, पण आपल्या घरात असे कोणी बोलत नाही, हे लिहिताना कोणाच्याच लक्षात आले नव्हते. घरी आपण चाक बसले म्हणतो, सोड्यातली हवा गेली म्हणतो, सूर उतरला म्हणतो आणि नकार साफ देतो. आमटी मिळमिळीत असते.

मग प्रत्यक्ष आकाराने सपाट असलेल्या वस्तूंचे काय? तेथेही मराठी एका शब्दावर भागवीत नाही. भिंत सपाट असते, पण तिला समतल म्हणता येणार नाही. समतल ती जमीन, जिच्यावर ओतलेले पाणी कोणत्याही एका बाजूला धावत नाही. परात पसरट असते, म्हणजे रुंदी पुष्कळ आणि खोली थोडी. डबा दाराखाली सापडला तर तो चपटा होतो. चपटेपणात दाबले गेल्याची आठवण असते, सपाटपणात ती नसते. नाकाला आपण चपटे किंवा बसके म्हणतो. सपाट नाक ऐकल्याचे मला तरी स्मरत नाही. समुद्रसपाटी हा शब्द मात्र गमतीचा आहे. जो समुद्र क्षणभरही सपाट नसतो, त्याच्या पाण्याची सरासरी पातळी काढून आपण कळसूबाईची १६४६ मीटर उंची मोजतो.

स्वयंपाकघरात तर वस्तू सपाट आहे हे कोणी सांगतच नाही. ती कशाने सपाट झाली ते सांगतात. भाकरी थापतात, पोळी लाटतात, पोहे कांडतात. पोह्यांसाठी भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडावा लागतो. थंड झालेला दाणा चपटा न होता फुटतो. भाकरीचे गणित याहून नाजूक. ती सर्वत्र सारखी थापली गेली तरच तव्यावर वाफ कोंडून पापुद्रा सुटतो. कड जाड राहिली की फुगत नाही. म्हणजे फुगण्यासाठीच आधी सपाट व्हायचे!

मातीच्या घरात ‘जमीन करणे’ हे असेच एक मोठे काम होते. माती पसरून, पाणी शिंपून, धुम्मसाने ठोकायची, मग चोपण्याने चोपायची आणि शेवटी शेणाने सारवायची. खळ्यासाठीही जमीन अशीच ठोकून सारवून घेत, नाहीतर धान्य भेगांत जाई. फरशी आली आणि या तीन क्रियापदांपैकी दोन गेली. सारवणे तेवढे ‘सारवासारव’ या शब्दात तग धरून आहे, आणि तेही बदनाम होऊन.

चपटा, चापट आणि चपाती ही भावंडे आहेत. संस्कृतात ‘चर्पट’ म्हणजे उघडा तळहात. तोच पिठावर पडला की चपाती, गालावर पडला की चापट. परंतु सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर भरवसा ठेवू नये. सपाता, म्हणजे टाच नसलेली पायताणे, तळाने सपाट असतात म्हणून तो शब्द ‘सपाट’वरून आला असे कोणालाही वाटेल, तो आला आहे पोर्तुगीज ‘सापातु’वरून. शहरात आपण ज्यात राहतो त्या फ्लॅटचीही तीच कथा. त्या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतील जमीन, घर अशा अर्थाच्या शब्दात असून तो स्कॉटलंडमार्गे मजल्यासाठी रूढ झाला. आपल्याकडे १९६३ च्या कायद्याच्या नावातच तो बसला. ‘सदनिका’ मात्र जाहिरातीत व दस्तऐवजातच अधिक राहिली.

साहित्य-समीक्षेत आपण ‘सपाट व्यक्तिरेखा’ म्हणतो, ती ई. एम्. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केलेल्या विभागणीची देणगी. तेथपासून सपाट म्हणजे काही नसलेले, असा अर्थ सुशिक्षितांच्या मराठीत घट्ट झाला असावा. आणि हा अर्थ कादंबरीपुरता राहिला नाही, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालेला असल्याने त्याचे माथे पुष्कळदा सपाट असतात. त्या सपाटीला लोकांनी निरनिराळी नावे दिली. देशावर माळ आणि पठार, किल्ल्यावर बालेकिल्ल्याखालची ती माची, कोकणात जांभ्याचा सडा, त्यातला उघडा खडक तो कातळ, आणि डोंगरउतारावर बांध घालून माणसाने केलेली सपाटी ते खाचर. प्रत्येक नावात तेथे काय उगवते, पाणी किती थांबते, गुरे कोठवर जातात हे आलेले असते. सातबाऱ्यावर मात्र सड्याची नोंद बहुधा पोटखराब म्हणून होते. याच जातीच्या जांभ्यावर कास पठाराची फुले आहेत; २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासही आहे. रत्नागिरी जिल्ह्यात कशेळीच्या सड्यावर भलामोठा हत्ती कोरलेला आहे. अशा कातळशिल्पांची जागा सपाट होती म्हणूनच ती कोरता आली, आणि उभे काही नसल्यामुळेच परक्याला ती दिसली नाहीत. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात गोव्यातील एक स्थळही आहे.

त्या प्रयोगानंतर मी विद्यार्थ्यांना आपापल्या गावच्या सपाट जागांची नावे आणावयास सांगितले. राजापूरकडच्या एका मुलीने आजीला विचारून एका सड्याचीच सात नावे आणली: गुरे बसण्याची जागा वेगळी, गवत कापण्याची वेगळी, पावसाळ्यात पाणी साचते ती वेगळी. तिच्या वडिलांना त्यांतली तीन ठाऊक होती. तिला स्वतःला, विचारण्यापूर्वी, एकही नव्हते.