उन्हाळ्यात गारेगार सूप

प्रश्न : उन्हाळ्यात गरम सूप नकोसं होतं. घरी थंड सूप करता येईल का?

उत्तर : नक्की येईल, आणि गॅसही पेटवावा लागणार नाही. दोन कोवळ्या काकड्या सोला. देठाकडची चकती चाखून पाहा. कडू लागली तर ती काकडी वापरू नका. वाटीभर ताजं दही, पाच-सहा पुदिन्याची पानं, आल्याचा लहान तुकडा आणि मीठ घालून मिक्सरमधून फिरवा. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ टाकू नका, सूप पाणचट होतं. गार पदार्थात मीठ कमी जाणवतं, म्हणून वाढण्याआधी पुन्हा चव पाहा आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरा. स्पेनमधलं टोमॅटोचं ‘गास्पाचो’ही असंच न शिजवता करतात. भाज्या कच्च्याच जातात, तेव्हा त्या नीट धुवा आणि सूप त्याच दिवशी संपवा.