फेंटानिलची पट्टी घरात आल्यावर

अगं, सासऱ्यांना मॉर्फिनच्या गोळ्या आणि फेंटानिलची पट्टी सुरू केली म्हणून एवढी धास्तावू नकोस. कॅन्सरचं दुखणं सोसण्यात काही पुण्य नाही. दुखणं आवरलं की माणूस दोन घास जेवतो, नातवाशी बोलतो. डॉक्टरांनी ठरवलेला डोस बिनधास्त दे. सगळं आयुष्य वॉर्डात गेलंय माझं, जीव जातो तो बहुतेक वेळा घरातल्या वरच्या भरीमुळे.

ही औषधं श्वास मंदावून मारतात. आकडी नाही, आरडाओरडा नाही. म्हणून ते गाढ झोपलेले दिसले की ‘चला, आज डोळा लागला’ म्हणून निघून जाऊ नकोस. छाती वरखाली होतेय का बघ. घोरणं नेहमीपेक्षा वेगळं, घरघरीचं वाटलं, हाक मारून, खांदा हलवून उठेनात, ओठ निळसर पडले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर पट्टी उपट, कुशीवर वळव आणि 108 ला फोन कर. नॅलोक्सोन हा त्यावरचा उतारा. त्याने शुद्धीवर आले तरी इस्पितळातून लगेच घरी आणायचं नाही, कारण पट्टी काढल्यावरही कातडीखालचं औषध कितीतरी तास रक्तात उतरत राहतं.

पट्टी लावल्यावरही तसंच, औषध हळूहळू उतरतं. गुण यायला बारा तासांहून जास्त लागतात. ‘लागूच पडत नाही’ म्हणून दुसरी चिकटवायची नाही. बदलायची ती 72 तासांनी, आणि आधी जुनी शोधून काढायची. पाठीवरची हमखास विसरते. त्या जागी गरम पाण्याची पिशवी नको, उष्णतेने औषध भराभर आत जातं. ताप चढला तर डॉक्टरांना कळव.

काढलेल्या पट्टीतही बरंच औषध शिल्लक असतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2012 साली, अशा पट्टीशी चुकून संपर्क आलेल्या मुलांच्या पंधरा वर्षांतल्या 26 घटना पाहिल्या, त्यांतली 10 दगावली. बहुतेक अगदी तान्ही, दोन वर्षांच्या आतबाहेरची. तुझा धाकटा रांगतोय. चिकट बाजू आत दुमडून लगेच संडासात सोड, वर बादलीभर पाणी ओत. केराच्या डब्यात मुळीच नको.

सासूबाईंच्या अल्प्राझोलॅममधली अर्धी गोळी सासऱ्यांना झोपेसाठी परस्पर द्यायची नाही. या जोडीवर अमेरिकेत 2016 पासून काळ्या चौकटीतला इशारा छापतात. दारूचंही तेच, कुणी पाहुणा ‘घोटभराने काय होतंय’ म्हणाला तर त्याला माझा नंबर दे.

आणि शेजारच्या काकू गुडघ्यासाठी ‘तुमच्यातल्या दोन द्या ना’ म्हणतील. नाही म्हण, वाईटपणा घे. सवय झालेल्या सासऱ्यांना जो डोस सोसतो, तो काकूंना भारी पडेल. उरलेल्या गोळ्या ज्या केंद्रातून आणल्या तिथेच परत कर.

गोळ्यांचा डबा सासऱ्यांच्या उशाशी ठेवू नकोस. रात्री कळ आली की अर्धवट झोपेत ‘घेतली का नाही’ आठवत नाही, आणि परत घेतली जाते. कपाटाला कुलूप, किल्ली तुझ्याकडे. वहीत आधी वेळ लिहायची, मग गोळी हातावर द्यायची.