लेंकराचें अंथरूण

तान्हें मूल दिवसाचे सोळाएक तास निजतें, आणि त्याचें नाक अंथरुणाला टेकलेलें असतें. यास्तव गोधडींत जें असेल तें श्वासाबरोबर त्याच्या अंगांत जातें.

जुन्या गादींत व उशींत धुळीचे सूक्ष्म किडे राहतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणून ते डोळ्यांस दिसत नाहींत. आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा हें त्यांचें अन्न. ते चावत नाहींत. पण त्यांच्या विष्ठेची भुकटी नाकांत गेली म्हणजे कित्येक मुलांस शिंका, खाज व दमा जडतो. या त्रासाचें मूळ हे किडे आहेत, हें हॉलंडांतील डॉ. फोरहोर्स्ट व त्यांच्या सोबत्यांनीं १९६४ च्या सुमारास दाखविलें. ओल असेल तेथें हे किडे वाढतात. या बाबतींत आपली गोधडी शहरांतील जाड गादीहून बरी, कारण ती धुतां येते. मात्र पाणी ६० अंश, म्हणजे हात घालवणार नाहीं इतकें कढत असावें. थंड पाण्यानें मळ जातो, किडे मरत नाहींत.

याहून गंभीर गोष्ट पेटींतील डांबराच्या गोळ्यांची. थोरल्या मुलाचीं दुपटीं व झबलीं कसर लागूं नये म्हणून या गोळ्या घालून ठेवितात, व नवें बाळ जन्मतांच बाहेर काढितात. गोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ कपड्यांत मुरलेली असते. कांहीं बाळांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, तांबड्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नांवाचें रक्षक द्रव्य जन्मतःच कमी असतें. आपल्या देशांत कित्येक आदिवासी समाजांत व पारशी लोकांत हा दोष अधिक आढळतो. अशा बाळास त्या वाफेनें रक्तपेशी फुटून कावीळ होते, लघवी काळसर होते, आणि कावीळ फार वाढल्यास मेंदूस कायमची इजा पोहोंचते. एरवीं तें मूल धडधाकट दिसतें, म्हणून कोणास संशय येत नाहीं. तेव्हां काविळीची माळ गळ्यांत घालून वाट पाहत बसूं नये. बाळास तत्काळ दवाखान्यांत न्यावें, आणि कपड्यांस गोळ्यांचा वास होता हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. पेटींत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा.

फोमच्या गादीस आग लागूं नये म्हणून पूर्वीं ब्रोमीनचीं कांहीं द्रव्यें घालीत. त्यांतील कित्येक २००९ सालीं स्टॉकहोम कराराच्या बंदींत आलीं. कोणी दिलेली जुनी, चुरा गळणारी फोमची गादी मुलाखालीं घालूं नये. वर्षाच्या आंतील मुलास मऊ गादी व उशी मुळींच नको. तींत तोंड रुतून श्वास कोंडतो.

कीटकनाशकाचें किंवा औषध लावलेल्या बियाण्याचें पोतें कितीही धुतलें तरी गोधडीच्या अस्तरास घेऊं नये. ढेकणांसाठीं पिकावरचें औषध अंथरुणावर मारूं नये. बाजेच्या फटींत उकळतें पाणी ओतावें.