खाड्याचे पैसे

माझे वडील परळच्या एका गिरणीत कामाला होते आणि गिरणीच्या कबड्डी संघातून खेळत. सामन्याच्या दिवशी पाळी बुडाली तरी त्यांना खाडा लागत नसे. घरात या गोष्टीचा अभिमान होता, पदकांपेक्षा जास्त. मी खेळाडू झालो नाही, हिशेबनीस झालो आणि नोकरीपायी इंग्लंडात वेस्ट यॉर्कशरला आलो. शेजाऱ्याने एका शनिवारी हाताला धरून रग्बी लीगच्या सामन्याला नेलं. तेरा-तेरा खेळाडूंचा हा खेळ उत्तर इंग्लंडातल्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावांत वाढलेला. २०१५पासून अकरा हंगाम मी तिथल्या दुसऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे चॅम्पियनशिपमधल्या, एका क्लबाची कीर्दखतावणी फावल्या वेळात सांभाळतो आहे. त्या वह्यांनी मला जे शिकवलं, ते इथे लिहितो.

१. पैसा या खेळात बाहेरून आलेला नाही. हा खेळच पैशातून जन्मला. हे कळायला मला दोन वर्षं लागली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात यॉर्कशर-लँकेशरचे क्लब जमले आणि रग्बी युनियनपासून वेगळे झाले. भांडण साधं होतं. शनिवारी सामना खेळायचा तर गिरणीतल्या किंवा खाणीतल्या माणसाची मजुरी बुडायची. क्लब म्हणत होते, बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊ द्या. दक्षिणेतल्या सुखवस्तू मंडळींना ते मान्य नव्हतं, पैसे घेतले की खेळ बाटतो म्हणून. नव्या संघटनेने दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. हे वाचताना मला वडिलांचा खाडा आठवला आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. तोवर मला वाटायचं की आपण एका परक्या खेळाचे हिशेब लिहितो आहोत.

२. रक्कम किती यापेक्षा ती किती वर्षांसाठी आहे, हे महत्त्वाचं. ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही, माझ्याच चुकीतून शिकलो.

आमच्यासारख्या क्लबाचं वर्ष कसं चालतं ते आधी सांगतो. हंगाम साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर. थंडीत मैदान बंद, म्हणजे गेटवर एक पेनी नाही. नाताळच्या आधी पुढच्या हंगामाचे पास विकले जातात, आणि ते पैसे पहिला सामना होईपर्यंत विम्यात, गवतात आणि बसच्या भाड्यात संपतात. उरलेलं वर्ष तिकिटं, बार, स्थानिक प्रायोजक आणि केंद्राकडून येणारा वाटा यांवर निघतं. वरच्या श्रेणीच्या, म्हणजे सुपर लीगच्या टीव्ही करारातून जे येतं, त्यातला छोटा प्रवाह खाली सोडला जातो. छोटा असला तरी आमच्या जमेच्या बाजूला तो मोठा दिसतो. तो दर महिन्याला येतो, पावसाने रद्द होत नाही.

२०२२पासूनचा टीव्ही करार आधीच्या करारापेक्षा बराच लहान झाला आणि खालच्या श्रेणींचा वाटा घटला. कपात येणार याची कुजबुज होती. तरी अंदाजपत्रक मांडताना मी जुन्या आकड्यातून थोडंसंच वजा केलं आणि समितीला सांगितलं, ‘एवढं नक्की येईल.’ त्या भरवशावर दोन खेळाडूंना दोन-दोन वर्षांचे करार दिले गेले. प्रत्यक्षात आलं ते बरंच कमी. आकडा कळवणाऱ्यांचा दोष नव्हता. मी सावध राहायला हवं होतं. करार पाळले गेले, पण त्यासाठी राखीव संघाचा निम्मा खर्च कापावा लागला. मोठ्यांचा शब्द राखायला आम्ही मुलांचे सामने विकले, हे वाक्य समितीत एका वयस्कर सभासदाने उच्चारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी वाटपाचा आकडा वाचत नाही, आधी तारखा वाचतो. कमी पण तीन वर्षांची ठाम रक्कम असेल तर प्रशिक्षक नेमता येतो, शाळांशी बोलता येतं, सतरा वर्षांच्या मुलाला शब्द देता येतो. भरपूर पण एकाच वर्षाची रक्कम आली की ती खेळाडूंच्या पगारातच जाते. कारण यंदा जिंकलो नाही तर पुढच्या वर्षी काय मिळेल, हे कुणालाच ठाऊक नसतं.

३. शिडी असावी, पण तिच्या दोन पायऱ्यांमध्ये दरी नसावी. मी क्लबात आलो त्याच वर्षी नवी रचना सुरू झाली होती. वरच्या बारा आणि खालच्या बारा संघांचे साखळी सामने, मग त्या चोवीसांचे आठ-आठांचे तीन गट. मधल्या गटात वरच्या श्रेणीतले शेवटचे चार आणि खालच्या श्रेणीतले पहिले चार एकमेकांना भिडत, आणि सुपर लीगमधली शेवटची जागा एका सामन्यावर ठरे. त्याला नावच होतं ‘मिलियन पाउंड गेम’. २०१६चा तो सामना मी टीव्हीसमोर उभा राहून पाहिला. हल केआर हा क्लब स्वतःच्या मैदानावर दोन मिनिटं उरली असताना आठ गुणांनी पुढे. सॅलफर्डने बरोबरी केली आणि जादा वेळेत एका ड्रॉप गोलवर, म्हणजे एका गुणाच्या किकवर, १९-१८ने सामना घेतला. हल केआर खाली गेलं.

खेळ म्हणून असं नाट्य मी क्वचितच पाहिलं आहे. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्यावर मनात आलं, त्या एका किकने तिथल्या तिकीट खिडकीवरच्या, कार्यालयातल्या किती माणसांची झोप उडाली असेल? २०१८ संपता संपता ती रचना मोडीत निघाली. मला वाईट वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं होतं. हल केआर मात्र पुढच्याच वर्षी वर परतलं आणि २०२५ मध्ये चॅलेंज कप हा बाद पद्धतीचा चषक, साखळीतलं अव्वल स्थान आणि अंतिम विजेतेपद असे तिन्ही मान एका हंगामात मिळवले. खाली पडलेल्याला वर यायला वाट होती, म्हणून हे घडलं.

४. आकड्यांवर माझा फार विश्वास होता. तो मला थोडा आवरावा लागला. २०२२ मध्ये रग्बी लीगचा आयएमजी या कंपनीशी बारा वर्षांचा करार झाला आणि मग क्लबांना २०पैकी गुण देण्याची पद्धत आली. चाहतावर्गाला ५, मैदानातल्या कामगिरीला ५, आर्थिक स्थितीला ४.५, स्टेडियमला ३, स्थानिक समाजाला २.५. पंधरा किंवा अधिक गुण मिळाले की सुपर लीगमधली जागा पक्की. मला हे वाचून बरं वाटलं. नीट वह्या ठेवणाऱ्या क्लबाला त्याचे गुण मिळणार, यापेक्षा हिशेबनिसाला आणखी काय हवं! उधळपट्टी करून वर जायचं आणि मग दिवाळं काढायचं, हा प्रकार थांबेल असं मी समितीत ठासून मांडलं.

मग ऑक्टोबर २०२३ उजाडला. लंडन ब्रॉन्कोस टुलूझला जाऊन चॅम्पियनशिपचा अंतिम सामना १८-१४ने जिंकले आणि सुपर लीगमध्ये पोचले. त्याच महिन्यात पहिल्या अंदाजी गुणतक्त्यात ते चोविसावे होते. म्हणजे २०२४चा हंगाम सुरू होण्याआधीच त्यांचं परतणं जवळपास लिहिलेलं. ते वर्षभर खेळले, आणि २०२५ला खाली गेले. आर्थिक शिस्त हवी, हे माझं मत आजही तेच आहे. पण जिंकून मिळालेली जागा कागदावर आधीच गेलेली असेल, तर ड्रेसिंगरूममध्ये प्रशिक्षकाने काय बोलायचं?

आणखी एक गोष्ट मला खुपते. परिसरातल्या लोकसंख्येचेही गुण असतात. फेदरस्टोन हे खाणकामगारांचं छोटं गाव. त्याच्या क्लबाने १९६७, १९७३ आणि १९८३ असा तीनदा चॅलेंज कप जिंकला. त्या गावाने आता माणसं कुठून आणायची?

५. एका श्रीमंत माणसाचा पैसा म्हणजे निधी नव्हे. कॅनडातला टोरोंटो वुल्फपॅक हा धनाढ्य मालकाच्या पैशावर उभा असलेला क्लब २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत उतरला, समोरच्या संघांचा अटलांटिकपलीकडच्या प्रवासाचा खर्चही तोच क्लब करी. तीन वर्षांत ते सुपर लीगमध्ये पोचले. टीव्हीच्या पैशातला वाटा त्यांना नव्हता. जुलै २०२०मध्ये, करोनाच्या काळात, त्यांनी हंगाम अर्ध्यावर सोडला. खेळाडूंचे पगार थकले. इथे त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ होते. मला त्यांचं मैदान भरलेलं आठवतं आणि वाईट वाटतं.

६. मुलं घडवणं म्हणजे मुलं उसनी घेणं नव्हे. इथे दुहेरी नोंदणीची सोय आहे. सुपर लीग क्लबाचा तरुण खेळाडू त्या आठवड्यात तिथे संघात बसत नसेल, तर जोडीच्या खालच्या क्लबाकडून खेळू शकतो. कागदावर सगळ्यांचा फायदा: त्याला सामना मिळतो, आम्हाला फुकटात चांगला खेळाडू मिळतो. पहिली दोन वर्षं मी हा व्यवहार आनंदाने जमेच्या बाजूला धरला.

आमचे खेळाडू दिवसा सुतारकाम, वायरिंग, शिकवण्या करतात आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सरावाला येतात. एका गुरुवारी आमच्यातला एक सुतार सराव संपवून गाडीत बसला होता, इंजिन बंद. रविवारी त्याच्या जागी उसना मुलगा खेळणार, असं त्याला नुकतंच कळलं होतं. तो काही बोलला नाही. मला गिरणीच्या फाटकावरचे बदली कामगार आठवले. सकाळी यायचं, जागा रिकामी असेल तर काम, नाही तर घरी. वडिलांनी कायम होण्याआधी कितीतरी वर्षं तसं फाटकावर उभं राहून काढली होती. त्या सुताराच्या घरी त्या आठवड्याला सामन्याचे पैसे गेले नाहीत, आणि माझ्या वहीत मात्र बचत दिसत होती. आता मी समितीत आग्रह धरतो की उसना खेळाडू घ्यायचा तर किमान सहा आठवड्यांसाठी, आणि तो आमच्याबरोबर सराव करणार असेल तरच. प्रत्येक वेळी ऐकलं जातंच असं नाही.

७. खालच्या श्रेणीला वर बघायला एखादा दिवस लागतो. १२ ऑगस्ट २०२३ला आम्ही एक बस भरून वेम्ब्लीला गेलो. सुपर लीगखालच्या क्लबांसाठी २०१९पासून ‘१८९५ कप’ आहे. त्याचा अंतिम सामना बहुतेक वेळा तिथेच होतो. त्या दिवशी हॅलिफॅक्सने बॅटलीला १२-१०ने हरवलं. बॅटली म्हणजे १८९७चा पहिलावहिला चॅलेंज कप जिंकणारा क्लब, ज्याचं घरचं मैदान आजही उतरतं आहे. त्याच दिवशी त्याच गवतावर ली या क्लबाने चॅलेंज कप जिंकला, हल केआरविरुद्ध १७-१६. आदल्या शरद ऋतूत चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात खेळलेले संघ होते हेच: ली आणि बॅटली. माझ्या शेजारी बसलेल्या, आमच्या क्लबाचे कपडे तीसेक वर्षं धुणाऱ्या आजींनी माझा हात घट्ट धरला होता. त्या बॅटलीच्याही नव्हत्या आणि लीच्याही.

८. शेवटची गोष्ट गेल्या ऑक्टोबरमधली. आमच्याच राखीव संघातून वर आलेला एकोणीस वर्षांचा एक फॉरवर्ड, दिवसा इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकणारा, करारासाठी माझ्यासमोर बसला. त्याने पैशांची घासाघीस केली नाही. त्याने विचारलं, दोन वर्षांचा करार मिळेल का, म्हणजे मालकाला सांगून शनिवार-रविवारची कामं कायमची दुसऱ्याला देता येतील. पुढच्या वर्षीच्या वाटपाची ओळ वहीत रिकामी होती. मी नाही म्हणालो. त्याने एका वर्षाच्या करारावर सही केली.